एक जूनला जन्मलेली माणसं

गावाकडे शिकून साठीला आलेल्या माणसांना जन्मतारीख विचारून पाहा. निदान दोघं-चौघं तरी १ जून सांगतील, आणि सांगताना हसतील. आईला तारीख ठाऊक नसायची. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला", "थोरलीच्या लग्नाच्या साली झाली" एवढाच तिचा हिशेब. शाळा जूनमध्ये भरायची. मग गुरुजी रजिस्टरात बेधडक १ जून लिहायचे, आणि वर्ष असं धरायचे की मूल पहिलीत बसायला पुरेल.

पण त्याआधी गुरुजी एक गोष्ट करायचे, ती आपण विसरलो. ते मुलाला समोर उभं करायचे आणि सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. हात कानाला लागला की नाव घातलं. नाही लागला तर "पुढच्या वर्षी आणा." ही काही अडाणी पद्धत नव्हती. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. हातपाय लांबत जातात, डोकं त्या मानानं कमी वाढतं, आणि सहा-सात वर्षांच्या आसपास हात पलीकडच्या कानापर्यंत पोचतो. म्हणजे मूल किती वाढलं आहे हे गुरुजी खरोखर मोजत होते. मोजून झालं की तारीख मात्र मनची टाकत होते.

पुढे ती मनची तारीखच खरी झाली. तिच्यावर दहावीचा दाखला निघाला, नोकरी लागली. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मेच्या संध्याकाळी राज्यातल्या कितीतरी सरकारी कार्यालयांत शाल-श्रीफळाचे कार्यक्रम एकदमच उरकले जातात. गुरुजींनी तपासलेलं मूल कुठल्याच कागदावर राहिलं नाही, राहिली ती तारीख.

वयाच्या अटी दोन जातीच्या असतात. काही कुंपणासारख्या, आतल्या जिवाला सांभाळणाऱ्या: अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न नाही, चौदाच्या आत कामाला जुंपायचं नाही. काही फाटकासारख्या: अमुक वयानंतर आत यायचं नाही, तमुक वयानंतर आत थांबायचं नाही. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत कसा वाढतो याबद्दल गेल्या शंभरेक वर्षांत जे कळलं आहे ते पाहिलं, तर कुंपणं भक्कम हवीत आणि फाटकं सैल. आपण उलट करून ठेवलं आहे. कुंपणाच्या तारा कुणीही वाकवाव्यात, आणि फाटकाला मात्र कुलूप.

फाटकावर अडलेला आपल्याकडचा सगळ्यात प्रसिद्ध मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८७५ साली ते दापोलीजवळच्या मुरुडहून सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला गेले, सह्याद्री ओलांडून, शंभराहून जास्त मैल पायी. तिथल्या परीक्षा समितीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. मॅट्रिक झाले तेव्हा कर्वे तेवीस वर्षांचे होते. या लेखात ते पुढे पुन्हा भेटतील.

मी काही वर्षं अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवलं. तिथे मानवी विकास म्हणजे एक तक्ता असतो. विचार करण्याची रीत कशी बदलते याच्या पिआजेच्या चार अवस्था, जन्मापासून म्हातारपणापर्यंत मन कसं घडतं याच्या एरिक्सनच्या आठ, नीती-अनीतीच्या समजेच्या कोहलबर्गच्या सहा पायऱ्या, आणि प्रत्येकीपुढे वयोगट. शिक्षक पात्रता परीक्षेच्या १५० गुणांपैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत, त्यामुळे विद्यार्थी तक्ता घोकतात. 'मूर्त क्रियात्मक अवस्थेचा वयोगट कोणता?' उत्तर: ७ ते ११. असे प्रश्न मीही काढले आहेत. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वावगं हे, की ज्याच्या नावानं हा प्रश्न येतो तो माणूस नेमका याच्या विरुद्ध टोकाला उभा होता. जाँ पिआजे मुळात गोगलगायी-शिंपल्यांचा अभ्यासक. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याला काम मिळालं ते एका बुद्धिचाचणीचे प्रश्न तिथल्या मुलांना घालून बरोबर उत्तरं मोजण्याचं. तो अडकला चुकीच्या उत्तरांत. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं का चुकतात? ही चूक म्हणजे अज्ञान नाही, विचार करण्याची वेगळी रीत आहे, हे त्याला दिसलं, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यानं त्या रीतीच्या मागे घालवलं. ताकाचा प्रयोग घरी कुणीही करू शकतं. दोन सारख्या वाट्यांत सारखं ताक घ्या. मुलाला दाखवून एका वाटीतलं ताक उंच निमुळत्या ग्लासात ओता. चार वर्षांचं मूल छातीठोकपणे सांगेल की ग्लासात ताक जास्त आहे. कितीही समजावा. आणि एक दिवस, कुणी न समजावता, तेच मूल तुमच्याकडे कीव करत बघेल आणि म्हणेल, "तेच तर आहे."

तो एक दिवस कधी येतो? पिआजेच्या लेखी महत्त्व क्रमाला होतं. कशानंतर काय येतं ते पक्कं, केव्हा येतं ते सैल. अमेरिकेत व्याख्यानं द्यायला गेला की त्याला हमखास विचारलं जायचं, या अवस्था लवकर कशा आणता येतील? त्यानं त्या प्रश्नाला नावच ठेवलं होतं, 'अमेरिकन प्रश्न'. आज तो कोथरूड-ठाण्याचा प्रश्न म्हणायला हरकत नाही. १९६९ साली मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांना मातीचा गोळा लांबवून विचारलं, माती वाढली का? इतर घरांतल्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा ती लवकर 'नाही' म्हणाली, कारण माती त्यांच्या हाताखालची होती. त्याच पिढीत सेनेगलमधल्या वोलोफ मुलांनी पाणी परक्या बाईनं ओतलं तेव्हा 'वाढलं' म्हटलं, आणि स्वतःच्या हातानं ओतल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर बदललं. वयाच्या रकान्यात हे कुठे बसवायचं?

क्रमसुद्धा वाटतो तितका कर्मठ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय निघालं ८.२ ते १७.६ महिने. नऊ महिन्यांहून मोठी ही फट, आणि तिच्यात येणारं प्रत्येक मूल ठीकच. शिवाय ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या पायरीवर गेली. आपल्या घरांत मात्र शेजारच्या चिंगीनं अकराव्या महिन्यात पाऊल टाकलं की आपल्या बाळाला डॉक्टरकडे नेण्याची भाषा सुरू होते.

आता कुंपणाकडे येतो. पहिलं कुंपण तीन ते सहा वर्षांच्या मुलाभोवतीचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि पहिलीचं वय सहा धरलं. मुलांची मुलाखत घेऊन प्रवेश देण्याला शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्येच बंदी केली होती, दंडासकट. कागदावर कुंपण उभं आहे. आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातात चाररेघी वही आहे, 'होमवर्क' आहे, तिरकी रेघ, उभी रेघ, पानभर. ज्युनिअर केजीतल्या मुलाला शिकवणी लावलेली मी पाहिली आहे. बोटांच्या बारीक स्नायूंना ज्या वयात माती मळायची असते, पाणी सांडायचं असतं, त्या वयात त्यांच्याकडून 'ए' आणि 'बी' घोटून घेतले जातात, आणि अक्षर वाकडं आलं म्हणून मुलाला 'लक्ष नाही' असा शेरा मिळतो.

आर्नल्ड गेसेल या अमेरिकन डॉक्टरचा १९२९ चा जुळ्या मुलींवरचा प्रयोग अशा वेळी आठवतो. एकीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढायला शिकवलं. दुसरीला त्या काळात जिन्याजवळही नेलं नाही, नंतर ५३ व्या आठवड्यापासून फक्त दोन आठवडे शिकवलं. दुसरीनं पहिलीला गाठलं. दोन मुलींवरून जगाचा नियम काढू नये हे खरं, आणि गेसेलनं परिस्थितीला फार कमी मोल दिलं हेही खरं. पण सहा आठवड्यांची मेहनत दोन आठवड्यांत भरून निघते, हे ज्युनिअर केजीच्या पालकसभेत कुणीतरी सांगायला हवं.

पालक यावर जे म्हणतात तेही ऐकायला हवं. ते म्हणतात, "सगळी मुलं लिहितात, आमचंच मागे पडलं तर?" ही भीती खोटी नाही. पहिलीची बाई वर्गातल्या सगळ्यांना लिहिता येतं असं धरूनच सुरुवात करते, आणि ज्याला येत नाही ते मूल खरोखर कोपऱ्यात पडतं. म्हणून एकेकट्या आई-बापाला दोष देण्यात अर्थ नाही. सगळ्यांनी मिळून उठवलेल्या शर्यतीतून एकट्यानं बाहेर पडणं म्हणजे आपल्याच मुलाला हरवणं असतं. कुंपण सरकारनंच सांभाळायला हवं ते यासाठी. आज खासगी बालवाडी काय शिकवते हे तपासायला कुणी फिरकत नाही.

गंमत म्हणजे आपल्याला हे शिकायला पिआजेच्या जिनिव्हाला किंवा गेसेलच्या येलला जायची गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीचं तत्त्व ताराबाईंना मान्य होतं, पण तिची महागडी साधनं डहाणूच्या वारली पाड्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर गेला. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. आणि मोठ्या बहिणी येईनात, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. मूल वाढतं ते घरासकट, धंद्यासकट, कडेवरच्या भावंडासकट, हे या दोघी बायकांनी ओळखलं होतं. परिसर हा विकासाचा भाग आहे हे सांगणारे सिद्धांत पाश्चात्त्य पुस्तकांत पुढच्या दशकांत गाजले.

अध्यापक विद्यालयाच्या तक्त्यात कोसबाड दोन ओळींत उरकतं: योजना, संस्थापक, साल. माझ्या हातात असतं तर मी ते तीस गुण काढून घेतले असते आणि प्रत्येक होऊ घातलेल्या शिक्षकाला महिनाभर अंगणवाडीत बसवून एकाच मुलाची डायरी लिहायला लावली असती. ते मूल काय चुकतं, कसं चुकतं, एवढंच लिहायचं.

दुसरं कुंपण जास्त मोडलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. हे प्रमाण मराठवाड्यात राज्याच्या सरासरीहून जास्त आहे, आणि ऊसतोडीचं नाव घेतल्याशिवाय तिथलं काही समजत नाही. ऊसतोडीत मजुरीचं माप माणूस नाही, 'कोयता' आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मुलगा वयात आला की त्याचा कोयता पूर्ण व्हायला बायको लागते. मुलगी वयात आली की आई-बाप सहा महिने फडावर, मागे तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? दोन्ही घरांचा हिशेब लग्नापाशी जुळतो. मुलगी आठवीत असते.

विकासाच्या पुस्तकांत 'किशोरावस्था: १२ ते १८' असं छापलेलं असतं, जणू ती बारा वर्षं पूर्ण झाली की आपोआप लागते. ती लागत नाही. शरीर वयात येतं ते निसर्गानं. किशोरावस्था मात्र समाजानं द्यावी लागते: शाळा, मैत्रिणी, चुकायला सवड, 'मी कोण होणार' असं स्वतःला विचारायला चार वर्षं. एरिक एरिक्सननं या सवडीला जो शब्द वापरला त्याला मराठीत नेमका शब्द आहे, तहकुबी. दुष्काळात शेतसाऱ्याला मिळते तशी. मोठेपणाची देणी लगेच मागायची नाहीत, काही वर्षं थांबायचं. फडावर गेलेल्या मुलीला ही तहकुबी मिळत नाही. ती बालपणातून उतरते ती थेट कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, सासू-सासऱ्यांच्या स्वयंपाकाला.

ती सवड काय देऊन जाते हे मुंबईत सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच दिसलं होतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नांदायला जायला त्यांनी नकार दिला, १८८४ पासून १८८८ पर्यंत खटला चालला, तुरुंगात जाईन पण जाणार नाही इथपर्यंत वेळ आली. झगडून मिळवलेल्या वर्षांतून त्या पुढे लंडनहून डॉक्टर होऊन आल्या. खटला मिटल्यावर तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला, म्हणजे मुलीशी, मग ती लग्नाची बायको का असेना, शरीरसंबंध ठेवायला तिचं किमान वय ठरवणारा. वय किती वाढवलं? दहावरून बारा. आणि तेवढ्यावरून मराठी वर्तमानपत्रांत रणं पेटली. सरकारनं आमच्या घरात नाक खुपसू नये, ही तेव्हाची ओरड आज "गरिबाचं गणित तुम्हाला काय कळणार" अशा शब्दांत ऐकू येते. गणित कळतं. म्हणूनच नुसत्या कायद्यानं भागत नाही. गावपातळीवर बालविवाह रोखायचं काम ग्रामसेवकाकडे आहे, आणि मांडवात त्याच्या हातात एकच शस्त्र असतं, शाळेचा दाखला. त्या क्षणी तीच मनची टाकलेली तारीख मुलीच्या बाजूनं उभी राहते, आणि ती तिथे लोखंडासारखी कडक हवी. पण तारखेमागे जागाही हवी. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं असतात. मुलींसाठी ती बारावीपर्यंत, वेळेवर, हंगामाच्या पहिल्या दिवशी उघडली, तर कोयत्याचं अर्धं गणित तिथेच मोडेल.

फाटकांबद्दल लिहिताना मात्र माझा हात तितका सरळ चालत नाही. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत रात्री साडेअकराला जाऊन बघा. एका टेबलावर दिवा, पाण्याची बाटली, चालू घडामोडींचा गठ्ठा, आणि तिशी ओलांडलेला मुलगा. मेसचा डबा, कॉट बेसिसवर खोली. 'पोस्ट निघाली' की नाही यावर आयुष्याचे दोन भाग पडतात. २०१६ मध्ये शासकीय सेवेत येण्याची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांना ती ४३ आहे. दर दोन-तीन वर्षांनी ती आणखी वाढवा म्हणून आंदोलन होतं. फाटकं सैल करा म्हणणाऱ्या माणसानं खरं तर या मागणीला टाळ्या वाजवायला हव्यात.

मला त्या वाजवता येत नाहीत. एरिक्सन स्वतः शाळा संपल्यावर सात-आठ वर्षं चित्रं काढत युरोपभर भटकला. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. पंचविशीत मित्राच्या बोलावण्यावरून व्हिएन्नातल्या एका लहानशा शाळेत शिकवायला गेला आणि तिथून मानसशास्त्रात शिरला, पुढे हार्वर्डचा प्राध्यापक झाला. त्याची तहकुबी म्हणजे निरनिराळी दारं ठोठावणं होतं. आमच्या मुलांची तहकुबी म्हणजे एकाच बंद दारासमोर पंधरा वर्षं उभं राहणं. ३८ चे ४० केले तर रांग दोन वर्षांनी लांबेल, जागा तेवढ्याच राहतील. दुखणं हे आहे की तिशी उलटलेल्या माणसाला दुसरं दारच नाही. खासगी कंपनीच्या जाहिरातीत 'वय २२ ते २८', आणि घरी "आता लग्नाचं कसं?" नोकरीत वयावरून डावलू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आहे, वय नाही. अमेरिकेनं चाळिशीपुढच्यांसाठी असा कायदा १९६७ मध्ये केला. बत्तिसाव्या वर्षी नवा धंदा शिकणाऱ्याला आपल्याकडे 'वाया गेलेला' म्हणतात. कोणत्या सिद्धांतात असं लिहिलं आहे?

लिहिलं असेलच तर ते एका जुन्या समजुतीत, की माणूस पंचविशीपर्यंत चढतो, मग सपाटी, मग उतार. सिएटलमध्ये १९५६ पासून वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञानं तीच माणसं दर सात वर्षांनी तपासली. वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच दिवशी तपासली तर म्हातारे फार मागे दिसतात, पण तो फरक बराचसा कमी शाळा मिळालेल्या पिढीचा असतो. तोच माणूस वर्षानुवर्षं पाहिला तर साठीपर्यंत बहुतेक कुवती टिकलेल्या असतात. वेग लवकर उतरतो. शब्दसंग्रह, अनुभवातून आलेली पारख ही लोणच्यासारखी मुरत राहते. माझी आई हल्ली तीनच भाकऱ्या करते, पीठ ओट्यावर उभं न राहता स्टुलावर बसून मळते, आणि तवा आधी तापू देते. पूर्वी दहा करायची, त्यातली एखादी फाटायची. आता एकही फाटत नाही. कमी निवडायचं, तेच नीट घोटायचं, उणीव दुसऱ्या युक्तीनं भरून काढायची: पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं म्हातारपणाच्या शहाणपणाची अशीच मांडणी केली आहे.

महाराष्ट्र सरकारचा बहुतेक कर्मचारीवर्ग ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, आणि ते ६० करावं अशी जुनी मागणी आहे. यावर दोन्ही बाजूंनी रास्त बोलता येतं, मी त्यात पडत नाही. फक्त एवढंच नोंदवतो की कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं ते १९१६ मध्ये. जन्म १८५८ चा. साताऱ्यात 'लहान दिसतो' म्हणून परत पाठवलेला मुलगा जे वय आपण कामाचा शेवट मानतो त्या वयात ते काम सुरू करत होता, आणि पुढे सत्तरी उलटल्यावर त्याच विद्यापीठासाठी त्यानं जगभर फिरून निधी गोळा केला. सगळे कर्वे नसतात हे मान्य. पण मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आज्याही कर्वे नव्हत्या. ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी नऊवारी हा गणवेश, वय साठ ते नव्वद. काहींना हात डोक्यावरून कानापर्यंत न्यायला आता सांधे साथ देत नसतील. पाटीवर नाव लिहिता आलं.

एरिक्सनच्या आठव्या अवस्थेपुढे पुस्तकात '६५ नंतर' असं लिहिलेलं असतं. ती मांडली तेव्हा तो पन्नाशीच्या आत होता. तो ९१ वर्षांचा होऊन वारला, आणि त्याची बायको आणि आयुष्यभराची सहलेखिका जोन हिनं नव्वदी ओलांडल्यावर, १९९७ मध्ये, त्याच्या 'द लाइफ सायकल कम्प्लीटेड' या पुस्तकाला एक नववी अवस्था जोडली. बाहेरून पाहून लिहिलेलं म्हातारपण आणि आत राहून पाहिलेलं म्हातारपण वेगळं निघालं, असा त्याचा अर्थ. कोहलबर्गचा मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर होता, हे कॅरल गिलिगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईनं १९८२ मध्ये दाखवलं तेव्हाही तसंच झालं होतं. तक्ता कुणाकडे पाहून काढला, हे परीक्षेत कधी विचारत नाहीत.

आमच्या सोसायटीत धुणी-भांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. घरेलू कामगार मंडळाचा फॉर्म भरायला त्या माझ्याकडे आल्या. २००८ च्या कायद्यानुसार नोंदणी होते ती १८ ते ६० वयाच्या कामगारांची. साठ झाली की कामगार मंडळातून बाहेर, भांडी मात्र आहेत तिथेच. त्यांच्या आधार कार्डावर तारीख होती १ जानेवारी, म्हणजे तिथेही कुणीतरी मनची टाकलेली. त्या हिशेबानं साठीला थोडेच महिने राहिले होते. मी विचारलं, "मावशी, खरं वय किती?" त्या बसल्या, पदरानं हात पुसले.

"बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. मी धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसायचे. त्याला उचलून चालता यायचं मला, पण घागर नव्हती उचलत अजून. घागर पुढच्या साली उचलली." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिकलेले. मला सांगा, पोर कडेवर घेता येतं आन् घागर येत नाही, तेव्हा किती वर्षांची असते मुलगी?"

मी आधारवरची तारीख लिहिली.